केस राठ, मुलगीही राठ

आमच्या घरमालकांच्या डोक्यावर एकही केस नव्हता, आणि केसांविषयी त्यांच्याइतकं बारकाईनं बोलणारा दुसरा माणूस मी जळगावात पाहिला नाही. न्हाव्याच्या दुकानापुढून जाताना ते थांबायचे, खाली पडलेल्या केसांकडे बघायचे आणि कुणाचे कोणते ते सांगून मोकळे व्हायचे. "हे मास्तरचे, भुरभुरीत हायेत. अन् हे पोलीस पाटलाचे. राठ!" न्हावी मान डोलवायचा. खरं-खोटं त्यालाच ठाऊक. आबांना हो म्हटलं की ते लवकर वाटेला लागतात, एवढं मात्र त्याला नक्की माहीत होतं.

त्यांना सगळे आबाच म्हणत. मूळचे असोद्याचे. घरची शेती भावावर सोपवून ते तरुणपणीच जळगावात एका जिनात लागले होते. जिन म्हणजे कापसातली सरकी काढून रुई वेगळी करायचा कारखाना. हंगामात फाटकाबाहेर बैलगाड्यांची रांग लागायची आणि प्रत्येक गाडीतला मूठभर कापूस हातात घेऊन तो कसा आहे हे सांगायचं, एवढंच आबांचं काम. पुंजका दोन्ही अंगठ्यांत धरायचा, डोळे मिटायचे, हळूहळू ओढायचा, आणि एक शब्द बोलायचा. शेजारी बसलेला कारकून तो शब्द चिठ्ठीवर लिहायचा. एक शब्द, दोन नाहीत. आबांचं म्हणणं असं की ज्याला दुसरा शब्द लागतो त्याच्या हाताला काही कळलेलं नसतं.

माझे वडील तहसील कचेरीत कारकून. बदली होऊन आम्ही साताऱ्याकडून आलो होतो आणि पिंप्राळ्याच्या वाटेवर आबांच्या मागच्या दोन खोल्या भाड्यानं घेतल्या होत्या. स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झाली असतील. मी एकवीस वर्षांची, मुलींच्या प्राथमिक शाळेत नुकतीच शिक्षिका झालेली. इथली बोली आमच्या कानांना नवी होती. केळीला 'केयी' आणि डोळ्याला 'डोया' म्हणतात हे ऐकून मला पहिला महिना नुसतं हसू येत होतं. आबा त्यावर म्हणाले, "हास, पोरी. तुम्ही 'ळ' म्हनता तव्हा आमाले बी वाटते, यायच्या तोंडात काही अडकलं का काय."

आबा विधुर होते. मुलगी रावेरकडे दिलेली. दिवसभर हाताला काही ना काही चाळा. आमच्या दारावरून जाताना वाळत घातलेल्या कपड्यांना हात लावून जायचे. बाबांचं धोतर, माझं पातळ, शेजारणीची गोधडी, काहीही. आईला ते मुळीच खपत नसे. कापडाच्या दुकानात तर एकदा त्यांनी एका अनोळखी बाईच्या खांद्यावरची शाल चिमटीत धरून डोळे मिटले होते, आणि डोळे उघडेपर्यंत दुकानात चांगलाच गोंधळ झाला होता. आबांना अपराधी वाटण्याऐवजी आश्चर्य वाटलं. "मी तिले कुठी पाह्यलं? मी तं डोये मिटले व्हते!"

त्यांचा सगळ्यात लाडका शब्द 'राठ'. हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आले होते, पण रागाचा म्हणून. आई माझी वेणी घालताना म्हणायची, "काय हे राठ केस, कुणावर गेलीस बाई!" माझे केस जाड, चरबट. तेल लावलं तरी चार घटकांत पुन्हा उभे. फणीचे दात मोडायचे. आईचे केस मात्र इतके मऊ की अंबाडा सुटून सुटून यायचा. माझ्या केसांना मऊ करण्यासाठी तिनं माका, जास्वंद, शिकेकाई, मेथ्या, सगळं करून पाहिलं होतं. आबांच्या तोंडी तोच शब्द कौतुकाचा होता, याचं मला मोठं कुतूहल वाटायचं. म्हणून एकदा सरळ विचारलंच.

आबा ओट्यावर बसले आणि मला त्यांनी जवळजवळ तास दिला. खडबडीत, ते म्हणाले, डोळ्यांना दिसतं. खरखरीत कानाला कळतं. भरड म्हणजे दळणाऱ्याची चूक. पण राठ ना दिसतं, ना ऐकू येतं. ते दाबल्याशिवाय कळत नाही. मग आत जाऊन दोन पुंजके घेऊन आले. एक मुंबईच्या गिरणीला आवडेल असा, मऊ, लांब धाग्याचा. दुसरा आखूड, जाड. दोन्ही माझ्या मुठींत देऊन म्हणाले, दाब. मग सोड.

मऊ कापूस दबला तसाच राहिला. दुसरा हळूच वर आला.

"पाह्य," आबा म्हणाले. "गादीत मऊ कापूस घाल, दोन महिन्यांत बसून जाते. मंग माणूस फरशीवरच झोपते म्हन ना. राठ कापूस बसत नही. त्याले टोचताबी येत नही अन् वाकताबी येत नही. त्याले म्हन्ता राठ."

बाबांना हे पटलं नाही. बाबांचा शब्दांच्या बाबतीत एकच देव, त्यांचा जाडजूड शब्दकोश. तो ते उघडून बसले. "आबा, इथे स्पष्ट दिलंय. राठ म्हणजे रूक्ष, कठोर, निबर."

"हे लिव्हनारा कुठला?"

"पुण्याचा असावा."

"पुन्यात कापूस पिकते?"

बाबांनी शब्दकोश मिटला. खरं म्हणजे त्यांना हसू आलं होतं, पण शब्दकोश मांडीवर असताना हसणं त्यांना बरं वाटेना.

आबांच्या या एका शब्दानं त्यांची नोकरी जायची वेळ आली होती, ही गोष्ट जिनातल्या माणसांनी मला सांगितली. जिनाचे मालक मारवाडकडचे, माणूस भला. पण एका वर्षी माल मुंबईला पाठवायचा होता आणि आबांनी चिठ्ठीमागून चिठ्ठी 'राठ' लिहायला लावली. शेठजी म्हणाले, "आबा, इस साल राठ मत बोलो. मुंबईवाले डरते हैं. 'थोडा कमी मऊ' लिव्हा ना." आबा म्हणाले, "थोडा कमी मऊ म्हन्जे काय, शेठ? बाई काय थोडी कमी गरवार राह्यते?" त्या उत्तरासाठी आबांना दोन हंगाम सरकीच्या गोदामात पोती मोजत बसावं लागलं. तिथून बाहेर यायला एकच शब्द बदलायचा होता. त्यांनी बदलला नाही. पुढे मऊ म्हणून पाठवलेल्या गाठी मुंबईहून परत आल्या तेव्हा शेठजी स्वतः गोदामात गेले आणि त्यांना हाताला धरून बाहेर घेऊन आले.

माझे केस त्यांनी कसे पारखले तेही सांगते. मुलीच्या केसांना हात लावण्याइतके ते अडाणी नव्हते. आई माझी वेणी घालून झाली की गुंतवळ, म्हणजे फणीत अडकलेल्या केसांची गुंडाळी, भिंतीच्या भोकात खोचून ठेवायची. केस घेणारी फेरीवाली आली की गुंतवळ देऊन सुया, पिना घ्यायच्या. एक दिवस आबांनी तो गुंतवळ भोकातून काढला, मुठीत दाबला, सोडला, आणि अंगणातून मोठ्यानं ओरडले, "राठ! एक नंबर!" आई धावत बाहेर आली आणि तोंडावर पदर धरून उभीच राहिली. परक्या माणसाच्या हातात लेकीचे केस! आई त्यांच्याशी कधी समोर बोलत नसे, तेव्हाही बोलली नाही. पण त्या दिवसापासून माझा गुंतवळ ती परसात खड्डा करून पुरू लागली.

असं सगळं गमतीत चाललं होतं. मग धुळ्याचं स्थळ आलं.

मुलगा धुळ्याच्या एका शाळेत गणित शिकवायचा. तो, त्याची आई आणि मामा असे तिघं मला बघायला जळगावात आले. इतरांनी विचारतात तेच विचारलं, स्वयंपाक, शिवण, गाणं. मुलानं विचारलं, "तुमच्या वर्गात मुली किती?" मी म्हटलं, "पटावर बावन्न, वर्गात तीस, आणि ऐकणाऱ्या चार." तो हसला. तोंडातल्या तोंडात नव्हे, चांगला खळखळून हसला, आणि मग आईकडे बघून थांबला. मला तो आवडला. इतका आवडला की ते लोक गेल्यावर मी त्याची रिकामी बशी स्वतः विसळली, कुणाला विसळू दिली नाही. आता सांगायला काय हरकत आहे?

पत्रिका जुळली. बैठकीची तारीख ठरवायचं राहिलं. मुलाचे मामा पूर्वी आबांच्याच जिनात होते, त्यामुळे रीतीप्रमाणे त्यांनी आबांना जवाबी कार्ड पाठवलं. 'आपल्या घरी भाडेकरू आहेत, मुलगी कशी आहे, मोकळेपणानं कळवावे.' आबांना फार आनंद झाला. माझ्याविषयी सांगण्याचा मान आपल्याला मिळाला म्हणून त्यांनी त्या दिवशी टोपी धुतली. कार्ड कुणाला न दाखवता, स्वतःच्या हातानं लिहून, टपालात टाकून आले.

पंधरा दिवसांनी धुळ्याहून नकार आला. 'पत्रिकेत दोष आढळला.' जुळलेल्या पत्रिकेत पंधरा दिवसांत दोष कसा येतो, हे बाबांना उमजेना. ते मामांना जाऊन भेटले. मामांनी मुकाट्यानं आबांचं कार्ड पुढे केलं. बाबांनी ते मागून आणलं. त्यावर लिहिलं होतं:

'मुलगी पाहण्यात आहे. केस राठ. मुलगीही राठ. कळावे.'

आई रडली. बाबांनी खोल्या सोडायची भाषा केली. मला काय वाटलं ते सांगते: मला आबांचा इतका राग आला की तीन दिवस मी त्यांच्या ओट्यासमोरून न जाता मागच्या बोळातून शाळेत गेले. चांगलं म्हणायचं होतं तर चांगली म्हणून लिहायचं होतं ना! जगात दुसरे शब्द नव्हते?

चौथ्या दिवशी आबा दारात आले. त्यांना राग कळलाच नव्हता, त्यांना फक्त चूक कळली होती, आणि तीही दुसऱ्यांची. "रावसाहेब," ते बाबांना म्हणाले, "त्यायले शब्द समजला नही. तुमच्या त्या पुस्तकातला अर्थ घेतला त्यायनं. आपुन धुये जाऊ. मी समजावतो."

बाबा का गेले, हे मला अजून कळलेलं नाही. कदाचित माझं तोंड बघून गेले असतील. पहाटेच्या एस.टी.नं दोघं निघाले. आबांच्या पिशवीत वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेल्या कापसाच्या तीन पुड्या होत्या, मऊ, भरड आणि राठ. मी दिवसभर शाळेत काय शिकवलं ते देवाला ठाऊक.

तिथे जे झालं ते बाबांनी आल्यावर सांगितलं. बाबा घरी नक्कल करत नसत, पण त्या दिवशी सगळं जसंच्या तसं सांगितलं. आबांनी बैठकीत सतरंजीवर पुड्या उघडल्या आणि सगळ्यांना डोळे मिटायला सांगितलं. मामांनी मिटले. मुलानं तर लगेच मिटले आणि हात पुढे केला. मुलाच्या आईनं मिटले नाहीत. तिनं आबांचं सगळं बोलणं शांतपणे ऐकून घेतलं. टोचत नाही, वाकत नाही, दाबलं की वर येतं, गादी बसत नाही, सगळं. मग आपल्या धुळ्याच्या बोलीत म्हणाली, "आबा, च्या ल्या. तुमना शबद आमले पहिलेच समजना व्हता. दाबा का परत वर येस, आसंच ना?"

"आसंच," आबा खूश होऊन म्हणाले.

"मन्हा घरमा दोन सुना शेतस. दोन्ही मऊ शेतस. तिसरी राठ आनीसन मी काय करू?"

आबांनी सतरंजीवरचा कापूस वेचायला घेतला. 

मी बाबांना विचारलं, "आणि ते काय म्हणाले?"

"कोण ते?"

"ते. गणिताचे."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "काही नाही. डोळे उघडले, पुडी नीट बांधली आणि परत दिली."

 परतीच्या वाटेत पारोळ्याला एस.टी. थांबली तेव्हा आबा एवढंच बोलले म्हणे. "पोरगा चांगला हाये. मऊ हाये."

त्यानंतर आबा बदलले. वाळत घातलेल्या कपड्यांना हात लावेनासे झाले. न्हाव्याच्या दुकानासमोरून सरळ निघून जायचे, चुकल्याचुकल्यासारखं वाटून न्हावीच बाहेर येऊन बघायचा. त्यांची चूक असती तर त्यांनी ती मान्य केली असती आणि विसरले असते. पण त्यांचा शब्द बरोबर होता, समोरच्यांना तो बरोबर कळला होता, आणि त्या बरोबर कळण्यानंच माझं मोडलं होतं. असं काही त्यांच्या आयुष्यात पूर्वी घडलं नसावं. माझा राग तेव्हाच गेला. त्यांची मला दया येऊ लागली, आणि दया आली म्हणून पुन्हा राग येऊ लागला.

एका रविवारी सकाळी ते आमच्या दारात आले. आई चुलीपुढे भाकरी थापत होती, बाबा खाटेवर वर्तमानपत्र वाचत होते. आबा उंबऱ्याबाहेरच थांबले, टोपी काढली, आणि खिशातून एक कार्ड काढून माझ्या हातात दिलं. पत्ता धुळ्याचा, मुलाच्या आईच्या नावे. मजकूर आबांच्या त्याच ठसठशीत अक्षरात:

'पुन्हा तपासून पाहिले. पहिला शेरा चुकीचा होता. मुलगी मऊ आहे. कळावे.'

खाली सही.

"टाकाचं का नही, तू ठरव," ते म्हणाले. "टाकशीन तं मले सांगू नको."

मी ते कार्ड दोनदा वाचलं. सरकीच्या गोदामात दोन हंगाम काढणारा हा माणूस. शेठजींसाठी जे केलं नाही ते त्यानं माझ्यासाठी केलं होतं, टोपी हातात घेऊन. मला ते कळलं, पुरेपूर कळलं. आणि तरी खरं सांगते, मी ते टाकणार होते. टपालपेटी चावडीसमोर होती, जाऊन यायला पाच मिनिटं लागली असती. मला तो मुलगा हवा होता. मऊ म्हणवून घेतल्यानं तो मिळणार असेल तर मी मऊ. मी कोपऱ्यातल्या चपलांत पाय सरकवलासुद्धा.

"बघू," आई म्हणाली.

पिठानं भरलेला हात पुढे करून तिनं कार्ड घेतलं. ती फार शिकलेली नव्हती, चार ओळी वाचायला तिला वेळ लागला. ओठ हलवत वाचलं. मग तिनं ते चुलीत सारलं, काटकी सारावी तितक्याच सहज. कार्डाची कड काळी झाली आणि भप्पकन पेटली.

"अगं!" बाबा म्हणाले. तेवढंच.

आई उंबऱ्याकडे वळली. आम्ही त्या खोल्यांत राहायला आल्यापासून तिनं आबांना पहिल्यांदा समोरासमोर तोंड उघडून सांगितलं, "आबा, असलं कार्ड पुन्हा लिहू नका. माझ्या वेळी लिहिलं होतं कुणीतरी. मुलगी मऊ आहे, म्हणून. वाचूनच मला करून घेतली. बावीस वर्षं झाली."

बाबांचं वर्तमानपत्र खाली आलं नाही. पानही उलटलं गेलं नाही.

आबा टोपी दोन्ही हातांत चुरगळत आईकडे बघत राहिले. इतका वेळ की मला वाटलं, त्यांना तिचं साताऱ्याकडचं मराठी समजलं नाही. मग त्यांचा चेहरा हळूहळू मोकळा झाला, कितीतरी दिवसांनी.

"मंग लिव्हनारा चुकला, माय," ते म्हणाले, आणि टोपी घालून निघून गेले.

आईनं तव्यावरची भाकरी उलटली. मी चपला काढल्या, आतल्या खोलीत गेले आणि खूप रडले. पुढे कितीतरी वर्षं मी सगळ्यांना सांगत आले की त्या दिवशी आईचं बोलणं ऐकून मला रडू आलं. ते खोटं आहे. मी त्या धुळ्याच्या मुलासाठीच रडत होते. पण ते कार्ड पेटायला लागलं तेव्हा चूल माझ्यापासून हातभर अंतरावर होती, आणि मी हात पुढे केला नाही.